सकाळी अडून बसणारा ट्रॅक्टर

आंबिवली
२८ ऑक्टोबर १९५३

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहून साष्टांग नमस्कार घालायचा असतो, ते मला ठाऊक आहे. चौथीपर्यंत शाळेत तुम्हीच पाठवलंत. पण आज तो नमस्कार लिहायला हात उठत नाही. घातला असं धरून चाला.

पत्र तुम्हाला हरिहर वाचून दाखवणार, म्हणून आधी त्याला सांगते. हरिहर, तू डोंबिवलीत कारकून झालास, हापिसातले कागद तू कसेही वाच. बहिणीचं पत्र आहे तसं वाचायचं. बाबांना लागेल म्हणून एक ओळसुद्धा गाळू नकोस. लागावं म्हणूनच लिहिलंय.

तर बाबा, दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली आणि सगळी आळी उभी असताना तुम्ही नारळ हातात घेऊन बोललात. "कार्तिकी पुनवेच्या आत या यंत्रानं चारी खाचरं नांगरून वाल पेरून दाखव. पेरलंस तर घर तुझं, शेत तुझं, मी तोंड उघडणार नाय. नाय पेरलंस तर जमीन वीटभट्टीवाल्याला देतो, नि तू गुमान नवऱ्याच्या घरी जायचं." आणि तो नारळ दरवर्षी चाकाखालच्या दगडावर फोडता, तो रागानं थेट इंजिनावर आपटलात. संध्याकाळच्या गाडीनं डोंबिवलीला निघून गेलात. मी परशुरामचं घर सोडून माहेरी आले आणि परत जात नाही, एवढाच माझा गुन्हा. त्यासाठी तुम्ही स्वतःचंच घर सोडलंत.

जाता जाता शेजारच्या धाकूकाकाला सांगून गेलात की हिला बैल द्यायचे नाहीत. ते मला कळायचं नव्हतं का? आपले बैल तर ट्रॅक्टर आला तेव्हाच विकले. आता माझ्याकडे फक्त हे धूड, कल्याणच्या छावणीत लढाईनंतर लिलावात घेतलेलं, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं. आणि ते सुरू होत नाहीये.

भात कापून झालं. खाचरात ओल आहे, पण ती काय माझ्यासाठी थांबणार नाही. आज पहाट उजाडल्यापासून हँडल मारत होते. आवडाबाई बांधावर उभी राहून बघत होती. म्हणते, "नवरा सोडलेल्या बाईच्या हातानं यंत्र चालू व्हायचं नाय गो, देवालाच नको असल." दुपारी सखुआत्या भाकरी घेऊन आली, तेव्हा मी चिडून सहज एक झटका दिला तर पहिल्या फेरीला सुरू. मी आवडाबाईला हाक मारून विचारलं, तुझा देव दुपारचा झोपतो का गं. ती घरात गेली आणि दार लावून घेतलं.

तुमची बहीण तेवढी माझ्याजवळ राहिलीय. ती म्हणते, राघोला लिही की मी मजेत आहे. लिहिलं.

मालन


आंबिवली
३ नोव्हेंबर

बाबा,

तुमचं उत्तर नाही. बरं झालं. मी तुम्हाला काही विचारत नाहीये, सांगतेय.

रोज तेच चाललंय. सकाळी ढिम्म, दुपारी उन्हं डोक्यावर आली की सुरू. पण दुपारी सुरू करून फायदा काय? जरा नांगर ओढला की इंजिनातलं पाणी उकळायला लागतं, उभं करून ठेवावं लागतं, आणि एकदा बंद पडलं की संध्याकाळी परत हलत नाही. चार दुपारींत एक खाचरसुद्धा पुरं झालं नाही.

मग मी तुम्ही करायचात तसं एकेक करून बघितलं. पेट्रोल खाली उतरतंय का, ते पाहिलं. उतरतंय, नळी सोडली तर धार येते. म्हणजे पोट भरलेलं आहे, आगच नाही. पहिला प्लग काढला, त्याला त्याची वायर जोडली, इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवला आणि आत्याला म्हटलं, तू हँडल फिरव, मी ठिणगी बघते. आत्या म्हणाली, "मना वीज लागली तर?" मी म्हटलं, लागली तर मला लागेल, तू फिरव. तिनं देवाचं नाव घेऊन फिरवलं. ठिणगी तयार करणाऱ्या मॅग्नेटोमध्ये टक असा आवाज आला, म्हणजे तो फिरतोय, पण प्लगवर काही नाही. चारही प्लग तसेच. एकावर कुठं पिवळी, मेल्यासारखी ठिणगी. दुपारी तेच प्लग तसेच टेकवले, तर निळी, कडकडीत. आत्या "अगो बाय" म्हणून दोन पावलं मागं सरकली.

म्हणजे दुखणं आगीचंच आहे, आणि ते सकाळी असतं, दुपारी नसतं.

प्लग खरवडले. मॅग्नेटोचे पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, मधली फट तुमच्या पत्र्याच्या पट्टीनं मोजून लावली. वायरींची कातडी तडकलेली होती, म्हणून कल्याणला जाऊन नव्या आणल्या. तिथं तुमच्या ओळखीचा चंदू मेस्त्री भेटला. त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणतो, "बाबांना पाठव ना." मी म्हटलं, बाबा रुसलेत. तर हसला. "मग नवऱ्याला पाठव." मी वायरी पिशवीत टाकल्या आणि निघाले. आता जे काय आहे ते मीच शोधणार. कुणी पुरुष येऊन बोट दाखवून गेला, तर तुम्ही म्हणाल की त्यानं केलं.

नव्या वायरी लावूनही सकाळी ढिम्म.

धाकूकाका वाटेत भेटला. माझ्याकडे बघितलं नाही, बैलांकडे बघत होता. त्याला वाईट वाटतंय, हे मला कळतं. तुमचा शब्द मोडायची त्याची छाती नाही, हेही कळतं.

मालन


आंबिवली
१० नोव्हेंबर

बाबा,

दिवाळी झाली. तुम्ही आला नाहीत. आत्यानं तुमच्या नावानं दारात एक पणती जास्त लावली, मी विझवली. मग तिनं परत लावली.

हरिहरचं कार्ड मिळालं. त्यात तुमचा निरोप: हट्ट सोड, पुनवेला परशुराम तुला न्यायला येणार, सामान बांधून ठेव. बाबा, पुनव अजून आली नाही. शर्त तुम्ही घातलीत आणि ती पुरी व्हायच्या आत जावयाला तारीख देऊन मोकळे झालात? माझ्यावर विश्वास नव्हता तर नारळ कशाला फोडलात? मला याचा फार राग आला. कार्ड चुलीत घातलं.

कामाचं सांगते. मॅग्नेटोचं काळं झाकण, ज्यातून चार वायरी निघतात, ते काढून आतून बाहेरून पेट्रोलनं धुतलं. तुम्ही नेहमी म्हणायचात, मॅग्नेटोला घाण चालत नाही, पेट्रोलनं लख्ख कर. लख्ख केलं. आदल्या सकाळी निदान एखादी पिवळी ठिणगी होती, आता तीही नाही. दव तर असं पडतंय की पहाटे इंजिनावरून हात फिरवला तर ओला होतो. झाकणावर गोणपाट घालते, तरी तेच.

खाचराची माती वरून पांढरी पडायला लागली. बोट खुपसलं की खाली अजून गार लागते, पण बोट पूर्वीपेक्षा जास्त खुपसावं लागतं. मला भीती वाटतेय, बाबा. लिहायचं नव्हतं, पण वाटतेय.

आता दुसरं. हरिहर, इथून पुढचं हळू वाच आणि मोठ्यानं वाच.

मी हँडल डाव्या हातानं मारते. तुम्ही मला उजव्यानं शिकवलेलं. अंगठा मुठीवरून पलीकडे घ्यायचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, खालून वर खेचायचं, दाबायचं नाही. सगळं लक्षात आहे. पण उजव्या मनगटात आता जोर नाही. गेल्या शिमग्याला फडकं बांधून आले होते, तेव्हा विहिरीवर पाय घसरला म्हणून सांगितलं. घसरला नव्हता.

सासरच्या गावाजवळ घोडबंदर रस्त्यावर मिठाची लॉरी बंद पडलेली. ड्रायव्हर बॉनेट उघडून घामाघूम झालेला. मी मिठागरावरून टोपली घेऊन येत होते. बघितलं तर प्लगची वायर सुटलेली. मी सांगितलं, त्यानं लावली, लॉरी गेली. बस, एवढंच. परशुराम चार माणसांत बसलेला, ती माणसं हसली. म्हणाली, तुझी बायको मेस्त्री आहे काय रे. घरी आल्यावर त्यानं फावड्याचा दांडा घेतला. वैद्याकडे नेलं नाही. सासू म्हणाली, हळद लावा. हाड जुळलं ते वाकडं जुळलं.

हरिहर, तुला मी तेव्हाच सांगितलेलं. तू म्हणालास, बाबांच्या कानावर घालू नकोस, त्यांना सोसणार नाही. सोसणार कोणाला नाही, तुला की त्यांना? हेही वाच.

मालन


आंबिवली
१५ नोव्हेंबर

बाबा,

सापडलं.

कुणी सांगितलं, माहीत आहे का? मुंग्यांनी. परवा पहाटे मी हँडल मारून दमून मडगार्डवर बसले होते. चाकावरून लाल मुंग्यांची रांग वर चाललेली. रांग इंजिनाच्या कडेनं जाऊन बरोबर मॅग्नेटोच्या झाकणाखाली शिरत होती. आता पेट्रोल आणि तेलाचा वास जिथं मारतो तिथं मुंगीचं काय काम? झाकण काढलं. आत कडेला, वायरी निघतात तिथं, चिकट चकाकी होती. बोट लावून चाटलं. आत्या ओरडली, "काय चाटतंस गो मेले!" गोड लागलं, आणि मागून खारट.

नारळाचं पाणी, बाबा. तुमचा नारळ.

पूजेसाठी तुम्हीच मॅग्नेटोवरचा पत्रा काढून ठेवलेला, हार घालायला जागा हवी म्हणून. आणि तिथंच तो आपटलात. पाणी झाकणात उतरलं आणि सुकलं. दुपारी कोरडं असतं तेव्हा काही करत नाही. रात्री दव पडलं की ओलं होतं आणि ठिणगी प्लगकडे जायचं सोडून त्या ओलीवरून इंजिनाच्या अंगात उतरते. मी पेट्रोलनं धुतलं, पण पेट्रोलनं तेलाचा मळ जातो, गोडाचा कसा जाईल? त्याला पाणीच हवं. पाण्याजवळ मॅग्नेटो नेऊ नकोस म्हणून तुम्ही लहानपणी माझ्या पाठीत धपाटा घातलेला, म्हणून पाण्याचं डोक्यात आलंच नाही.

झाकण कढत पाण्यानं तीनदा धुतलं. आत केसासारखी काळी रेघ पडलेली, ठिणगी रोज त्याच वाटेनं जाऊन जळलेली. ती फुटक्या बांगडीच्या काचेनं खरवडून काढली. चुलीच्या वैलावर झाकण वाळत ठेवलं आणि आत्याला राखणीला बसवलं. काल पहाटे लावलं. दव होतं, धुकं होतं, आवडाबाईसुद्धा होती.

डाव्या हातानं खेचलं. पहिल्याला शिंकलं. दुसऱ्याला सुरू.

बाबा, मी रडले. आवाज एवढा मोठा की कुणाला ऐकू गेलं नाही. मग पेट्रोल बंद करून रॉकेलवर घेतलं आणि उन्हं चढायच्या आत दोन खाचरं उलटी केली. वरची माती कडक, पण फाळ खाली गेला की काळी, गार निघते. आवडाबाई म्हणाली, "देवाचा राग गेला वाटतं." मी म्हटलं, देवाचा नव्हता, बाबाचा होता, तो कढत पाण्यानं गेला. ती हसली. परत जाऊन स्वतःच्या घरचं वालाचं बियाणं घेऊन आली, म्हणाली कमी पडलं तर असू दे.

गावात आता म्हणतात, राघोनं मुद्दाम केलं. मी सगळ्यांना सांगितलं की नाही, माझा बाप रागीट आहे, लबाड नाही. तुमची बाजू घेतली म्हणून विरघळू नका. जे खरं ते बोलले.

उद्या पेरणी.

मालन


आंबिवली
२४ नोव्हेंबर

बाबा,

हरिहरचं कार्ड काल मिळालं. त्याआधी पुनवेच्या सकाळचं लिहिते. तुम्ही इथं होतात, तरी माझ्या बाजूनं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

चारही खाचरं पेरून आदल्या दिवशीच झाली होती. मी फक्त बी झाकायला फळी ओढणार होते. बांधावर तुम्ही तिघं दिसलात, पुढे परशुराम, मागे तुम्ही, सगळ्यात मागे हरिहर. मी हँडल हातात घेतलं. वाटलं, आता हे तिघं मिळून नेणार.

परशुराम हसत आला. "चल, सामान घे. सकाळचं हे डबडं चालू होत नाय, सगळ्या तालुक्यात बोभाटा झालाय." मी पेट्रोल सोडलं. हँडल घातलं, डाव्या हातानं खेचलं, सुरू झालं. सीटवर चढणार, तेवढ्यात तुम्ही पुढे आलात आणि माझा उजवा हात धरलात. मनगटावर अंगठ्यानं चाचपत गेलात. जिथं हाड वर आलंय तिथं अंगठा थांबला. इंजिन चालू होतं, बोलला असतात तरी ऐकू आलं नसतं. मग तुम्ही वळलात आणि परशुरामला म्हणालात ते मात्र ऐकू आलं, एवढ्या मोठ्यानं म्हणालात.

"तू जा."

तो म्हणाला, "मामा, बायको माझी हाय."

"पोर माझी हाय. जा म्हणतंय ना."

धाकूकाका त्याच्या खाचरातून विळा घेऊन आपल्या बांधावर आला. काही केलं नाही, नुसता येऊन उभा राहिला. परशुराम गेला. शिव्या देत गेला, पण गेला.

आणि मग तुम्हीही गेलात. घरात आला नाहीत. आत्यानं पाणी आणलेलं, तांब्या तसाच तिच्या हातात राहिला. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसू नये म्हणून गेलात, असं आत्या म्हणते. असेल. मी फळी ओढली. काम राहिलं होतं.

काल हरिहरचं कार्ड. त्यात तुमचे शब्द: "पोरीचा हात मोडला हे ठाऊक असतं, तर मी तिला कधी जा म्हटलंच नसतं. बिचारीला राहू दे तिथं."

आत्याला वाचून दाखवलं, ती पदरानं डोळे पुसायला लागली. म्हणाली, लिही त्याला, ये म्हणावं. मी दिवसभर कार्ड घेऊन फिरले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. संताप आला, आणि का आला ते कळायला संध्याकाळ झाली.

बाबा, तुम्ही खाचरांकडे बघितलंच नाहीत.

बांधावरून आलात, माझ्या हाताकडे बघितलंत, त्याच्याकडे बघितलंत आणि गेलात. दोन्ही बाजूंना नांगरलेलं होतं, सरी बघायला मान वळवायचीही गरज नव्हती. शर्त शेताची होती. हाताची नव्हती. सगळ्या आळीसमोर बोललात, पेरलंस तर घर तुझं. मी पेरलं. आणि आता तुम्ही मला घर देता ते पेरलं म्हणून नाही, बिचारी म्हणून. मी बिचारी नाही. तुमचं बंद पडलेलं यंत्र मी चालू केलंय, तुमच्या नारळासकट.

तुम्ही आलात, त्याला जा म्हणालात, ते मी जन्मभर विसरणार नाही. तेही तितकंच खरं आहे. तुमचा अंगठा मनगटावर थांबला तेव्हा मला लहानपणासारखं वाटलं. पण हात मोडलेली पोर ठेवून घेणं सोपं असतं, बाबा. धडधाकट हातांची पोर म्हणाली, मला तिथं नाही राहायचं, तर तिचं कोण ऐकतं? मी दसऱ्याच्या आधी तुम्हाला तेवढंच सांगत होते. नुसतं नको म्हणत होते. तुम्ही विचारत राहिलात, काय झालं, काय झालं, आणि मी काही सांगत नाही म्हणून चिडलात. मला बघायचं होतं की नुसतं नको तुम्हाला पुरतंय का.

वाल उगवलेत. सगळीकडे सारखे नाहीत, खालच्या खाचरात दाट, वरच्यात विरळ. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी या, आत्या वाट बघतेय, मीही बघतेय. स्टेशनावरून बांधानं या आणि आधी चारही खाचरं फिरून बघा. वरच्यात चूक काढलीत तरी चालेल, तिथं माझा फाळ उथळ गेलाय. मग घरात या.

परशुरामनं मला बोटसुद्धा लावलं नसतं, तरी मी परत गेले नसते. मला तिथं राहायचं नव्हतं. हे कारण तुम्हाला पुरत नसेल तर डोंबिवलीतच राहा. मला पुरतं.

मालन